अप्पांचा उजवा हात

आधीच सांगते, भूतखेत, करणी, बाधा... यातलं काहीही मी मानत नाही. हुबळीतल्या एका क्लिनिकमध्ये मी नसांच्या तपासणीची टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांच्या हातापायांना बारीक करंट देऊन नस काम करते की नाही ते बघते. तेव्हा 'ताई, मनाचे खेळ असतात' असं ज्यांना कमेंटमध्ये लिहायचंय, त्यांनी आत्ताच लिहून मोकळं व्हावं.

माझे सासरे, अप्पा, अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरचीचे अडते. घर दुर्गदबैलच्या मागच्या गल्लीत. माझे वडील अळणावरला लाकडाच्या वखारीत कामाला, म्हणून मी अप्पांना पहिल्यापासून नको होते. त्यांच्या मुलाने, महेशने, हट्टाने माझ्याशी लग्न केलं. त्यानंतर अप्पा माझ्याशी थेट बोलतच नसत. "चहा ठेवा म्हणावं आत," असं भिंतीकडे बघून म्हणायचे.

गेल्या वर्षी ते यार्डात लॉरीवरून घसरले. पडताना उजव्या हाताने दोर धरला आणि सगळ्या अंगाचा हिसका त्या हाताला बसला. हाताकडे जाणाऱ्या नसा मानेत, मज्जारज्जूपासूनच उपटल्या गेल्या. मेंदू शाबूत, जीभ शाबूत, पण मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोचायला वाटच राहिली नाही. हा लकवा नव्हे. लकव्याचा हात कधीकधी आपोआप तरी आखडतो. हा नुसता लोंबत होता, टाचणी टोचली तरी कळत नव्हतं.

आणि मग अप्पा एकदम गोड झाले.

"सुजाता, तू नोकरी सोड बघ. माझ्याकडं बघायला तूच पाहिजेस. परक्या बाईचा हात बेडा मला." बेडा म्हणजे नको. आमच्या घरात अर्धं बोलणं कानडीच असतं. महेशनेही तेच टुमणं लावलं. मला राग यायचा, पण खोटं का बोलू... त्या माणसाच्या तोंडून आपलं नाव ऐकायला बरंही वाटायचं. राजीनामा द्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

सांधे धरू नयेत म्हणून रोज सकाळी त्या हाताला तेल लावून बोटं मिटायची-उघडायची असा व्यायाम होता. तेल ओघळतं म्हणून मी वरून टॉवेल टाकायचे. एक दिवस टॉवेलाखाली त्या बोटांनी माझी दोन बोटं धरली. दोनदा दाबली. आणि तळव्याने माझा हात बाहेर ढकलला.

मी किंचाळलेच. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. "काय झालं गं?" म्हणाले.

"तुम्ही हात हलवलात!"

"मेलेला हात मी काय हलवणार? चेष्टा करतीस होय?"

पुढे हे रोज होऊ लागलं. टॉवेलाखाली, आणि फक्त माझ्याच हाताला. महेशने आठवडाभर व्यायाम दिला, फिजिओ येऊन गेला... कुणाला काही नाही.

शेवटी मी महेशचा हात धरून त्याला दाखवलं, दोनदा दाब आणि ढकल. त्याचा चेहरा उतरला. "हे तुला कुणी शिकवलं?" असं ओरडलाच माझ्यावर. मग त्यानेच सांगितलं, जुने अडते रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा ठरवायचे, चारचौघांत बोलायचं नाही म्हणून. अप्पांच्या धंद्यातल्या जोडीदारांत या खुणेचा अर्थ एकच होता. बेडा. माल नापसंत, परत घेऊन जा.

मी यार्डाची पायरीसुद्धा चढलेली नाही. मला कोण शिकवणार? पण महेश म्हणाला, "नोकरी सोडायची नाही म्हणून नाटकं चाललीत तुझी." ते मला त्या हातापेक्षा जास्त लागलं.

मी अप्पांना क्लिनिकमध्ये पुन्हा तपासणीला नेलं. डॉक्टरांनी बोटं मिटवणाऱ्या स्नायूत सुई घातली. स्नायूने जरा जरी जोर केला तरी मशीनच्या स्पीकरवर करकर आवाज होतो. नस तुटलेल्या स्नायूची नुसती बारीक टिपटिप ऐकू येते. तेवढीच येत होती. अप्पांच्या पंजावर मी नॅपकिन टाकला आणि खाली माझा हात दिला.

अप्पा डॉक्टरांना सांगत होते, "सून नव्हे हो ही, माझी मुलगीच. हिच्याशिवाय मला कोण आहे?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खरं पाणी.

त्याच वेळी नॅपकिनखाली त्या बोटांनी माझी बोटं धरली. दोनदा दाबली, इतक्या जोरात की नखं रुतली. आणि ढकललं.

स्पीकरवर टिपटिप तशीच चालू होती. डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "काही नाही. पूर्ण डेड आहे."

मी पुस्तकं चाळली, आमच्या डॉक्टरांना आडून आडून विचारलं. स्नायू आखडला नसेल तर बोट हलूच शकत नाही, एवढंच सगळीकडून कळलं. अप्पा खोटं बोलत होते असंही मला वाटत नाही. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं.

मी नोकरी सोडली नाही. नवनगरला एक खोली घेतली आणि तिथे राहायला गेले. महेश कधी येतो, कधी येत नाही. नातेवाईक म्हणतात, आजारी सासऱ्याला टाकून गेली. म्हणू देत.

अप्पांचा रोज फोन येतो. "सुजाता, कधी येतीस गं? तुझी फार आठवण येती." आवाज खरोखर कातर असतो. मी ऐकून घेते, जेवलात का विचारते, आणि फोन ठेवते. जायची हिंमत होत नाही. त्या घरात अप्पांच्या मनातलं माझ्याबद्दलचं खरं सांगणारा तो हातच एकटा होता.