सॉफ्टनरमधला आकडा

मी फारसा बोलत नाही. लोक याला शांत स्वभाव म्हणतात, आणि मीही ते इतकी वर्षं खपवून घेतलं. पण न बोलणं हा स्वभाव असतोच असं नाही. कधी कधी ती नुसती लबाडी असते. माझी होती.

वडील गेल्यावर आई निपाणीहून आमच्याकडे बेंगळूरला, मल्लेश्वरमला राहायला आली. आमच्या घरात पाण्याच्या दोन लायनी आहेत, स्वयंपाकघरात कावेरीचं पाणी आणि न्हाणीघरात बोअरचं. बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, नळांवर पांढरे थर चढतात. दोन महिन्यांत आईच्या हातापायांना खाज सुटली. ती रात्रंदिवस खाजवायची, कातडी सोलून निघायची. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. म्हणून गच्चीवर वॉटर सॉफ्टनर बसवला.

त्याचं काम साधं असतं. आतले बारीक दाणे पाण्यातला जडपणा धरून ठेवतात. ठरावीक पाणी वाहून गेलं की मशीन शेजारच्या टाकीतलं मिठाचं पाणी ओढून ते दाणे धुऊन काढतं. किती पाण्यानंतर धुवायचं, हे ठरतं पाण्याच्या जडपणाच्या आकड्यावरून. तो आकडा मशीनमध्ये भरावा लागतो. बसवायला आलेला माणूस तो भरणार होता, पण मी त्याला म्हणालो, "सरका, मी बघतो." मी सरकारी कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासतो. लोकांचे सुटे भाग केसभर चुकले तरी परत पाठवतो. पाण्याचा नमुना मी आदल्या आठवड्यात ऑफिसच्या प्रयोगशाळेत तपासून आणला होता. आकडा माझ्या खिशात होता.

महिनाभरात नळ परत पांढरे झाले. आईची खाज हटेना. कंपनीला फोन केला की पलीकडून "स्वल्प वेळ द्या सर" एवढंच. मी स्वतः गच्चीवर जाऊन पाइप बघितले, झडप बघितली, घड्याळाची वेळ बघितली. सगळं ठीक. मशीन ठीक असून पाणी जड, या गोष्टीचा मला संताप यायचा.

मग एका रविवारी आईच्या खाटेखाली मला डबा सापडला. आत सॉफ्टनरच्या मिठाच्या पांढऱ्या वड्या, काठोकाठ.

"हे काय?"

"मीठ हाय," आई म्हणाली. "तू पोतंच्या पोतं वततोस, सगळं गटारात जातंय. मीठ सांडलं तर मेल्यावर पापणीनं उचलावं लागतंय बाळ. मी आपलं थोडं थोडं काढून ठेवलं."

मी जे बोललो ते इथं पूर्ण लिहीत नाही. "अडाणी" हा शब्द त्यात होता. "तुझ्यासाठीच केलं आणि तूच वाट लावलीस" हेही होतं. बायको मध्ये पडली.

"अहो, आईंवर ओरडायच्या आधी पाणी तरी तपासलंत का?"

"तपासलंय! मला शिकवू नकोस!"

आईनं डबा उचलला, हळूहळू जिना चढली आणि एक एक वडी टाकीत परत टाकून आली.

तीन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. साठीचा, मिशाळ, शांत. आई दारातच त्याच्यापुढे हात जोडून उभी. "नंदे तप्पु, अण्णा. उप्पु नाने तगेदे." माझीच चूक, मीठ मीच काढलं. निपाणीची असल्यानं तिला कन्नड येतं. पण अशा कामासाठी तिला ते वापरताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही दोघं गच्चीवर गेलो. त्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि हसला. "अय्यो सर, इथं मीठ पोटभर आहे. अम्मांनी डबाभर काढलं, म्हणजे तळ्यातून लोटाभर. त्यानं काय होतंय?" मग त्यानं बोअरचं पाणी कुपीत घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकायला लागला. पाणी गुलाबी झालं. ते निळं होईपर्यंत किती थेंब लागतात ते मोजायचं; जितके जास्त थेंब, तितकं पाणी जड. थेंबावर थेंब पडत राहिले, पाणी निळं होईचना. शेवटी झालं तेव्हा त्यानं मशीनचा आकडा बघितला. खरा आकडा त्याच्या तिप्पट होता. मशीनला पाणी हलकं वाटत होतं, म्हणून दाणे वेळेवर धुतले जात नव्हते.

"हा कुणी घातला, सर?"

मला त्याच क्षणी कळलं. नमुन्याची बाटली मी स्वयंपाकघरातल्या नळावर भरली होती. रोज ऑफिसला न्यायचं पाणी तिथंच भरतो, त्या सवयीनं. मी कावेरीचं पाणी मोजलं आणि बोअरच्या पाण्याला लावलं.

"तुमच्याच माणसानं," मी म्हणालो.

त्यानं कागदावर तसं लिहून घेतलं. त्या पहिल्या माणसाला काय ऐकावं लागलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आकडा बदलून, हत्यारं पिशवीत भरता भरता तो म्हणाला, "अम्मा घाबरल्यात. जाताना त्यांना सांगू का, तुमची काही चूक नाही म्हणून?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

खाली आई वाट बघत होती. "काय म्हणाला?"

"झालं. आता नीट आहे."

बस. एवढंच. आठवड्यात साबणाला फेस यायला लागला, पंधरा दिवसांत आईची खाज कमी झाली. तिनं त्याचा सरळ अर्थ लावला, मीठ परत टाकलं म्हणून बरं झालं. त्यानंतर ती गच्चीवर गेली नाही. कपडे वाळत घालायलासुद्धा नाही. पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाकडे निपाणीला गेली. "तिथलं पाणी मला मानवतंय," म्हणाली.

पुतणीच्या साखरपुड्याला आम्ही सगळे तिथं जमलो. भाऊ पंगतीत वाढता वाढता ओरडला, "मीठ आईच्या हातात देऊ नका रे! बेंगळूरचं मशीन बंद पाडून आलीय ती!" पंगत हसली. आई हसली, पदर तोंडाला लावून. मीही हसलो.

माझ्या त्या हसण्याचा राग अजून जात नाही. एखादा खोटं बोलतो, भीतीनं बोलतो, ते मी समजू शकतो. पण मी जिलेबी खात हसलो.

परत आल्यावर दोन दिवसांनी आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. नमुना, नळ, आकडा, गच्चीवरचं बोलणं. 

"म्हणजे तुला त्या दिवशीच ठाऊक होतं."

"हो."

"आणि पंगतीत हसलास."

"हो."

मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ दे. आया म्हणतात तसं. ती म्हणाली, "मग मला एकटीला फोनवर कशाला सांगतोस? हसलास चौघांत, कबुली कानात? सगळ्यांस्नी सांग." आणि फोन ठेवला.

घरच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'सॉफ्टनरबाबत थोडा गैरसमज झाला होता. मिठाचा काही संबंध नव्हता.' दहा मिनिटांत फोन. भावानं तिला वाचून दाखवलं होतं.

"गैरसमज कुणाचा झाला? माझा? चूक हा शब्द लिहायला पैसे पडतात होय रे?"

"आई, लिहितो परत."

"लिही. मी हिथंच बसलीय."

मी पहिला मजकूर पुसला. मग लिहिलं, 'आकडा मी चुकीचा घातला. आईची काहीही चूक नव्हती.' हे पटकन झालं. त्याखालचं वाक्य, 'मला हे त्याच दिवशी कळलं होतं', लिहायला मला अर्धा तास लागला, आणि तोवर चालू फोनवर ती भावाला दर दोन मिनिटांनी विचारत होती, "आलं का?"