वार्डातलं एक मत

सन दोन हजार एकवीस. माझं वय बाहत्तर, म्हणजे आधार कार्डावर. खरं एखाद-दोन इकडे तिकडे. करोनाचं साल होतं आणि गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. आमचं गाव अमडापूरच्या अलीकडे. मी दोन बुकं शिकलो, पण सही करतो. अंगठा कुठंच दिला नाही, हे आधी सांगतो.

आमच्या गल्लीत एक शिवणकाम करणारी बाई राहते. बौद्ध समाजाची, नवरा वारलेला, मशीन चालवून पोरीला शिकवते. बायांच्या जागेसाठी तिनं फारम भरला. फारमावर सूचक लागतो, म्हणजे नाव सुचवणारा त्याच वार्डातला एक मतदार. तिच्या भावकीतलं कोणी तयार होईना. ती माझ्याकडे आली. मी सही केली. फार विचार करून केली असं नाही. तिनं विचारलं, मी केली.

गावात ज्यांची सत्ता चालत आली त्यांना सगळं बिनविरोध पाहिजे होतं. बाकीच्यांनी फारम वापस घेतले. शेवटच्या दिवशी ते लोक गाडी घेऊन हिच्या दारात गेले, तहसीलला नेऊन फारम काढायला लावायला. ही घरी नव्हती. दोरे-बटनं आणायला खामगावला गेली होती. संध्याकाळच्या बसनं आली तोवर टाइम निघून गेलेला. अख्ख्या गावात ती एकच जागा लढतीची उरली.

दुसऱ्या दिवशी चौघं माझ्या ओट्यावर आले. त्यातला मोठा बोलला. त्याला मी नागडा फिरताना पाहिलेला आहे.

"आबा, सही काऊन केली?"

"मले सही येते म्हणून केली."

तिघं हसले. तो हसला नाही.

"तूर सोंगून पेंढ्या रचून ठेवल्या म्हणते तुमी वावरात. सुडी मोठी हाये. एकटीच हाये."

"एकटी काऊन? मी जातो ना तिथं झोपाले."

"मंग तर अजून जपा."

चहा पिऊन गेले. जाताना कप स्वतः विसळून ठेवले.

मग त्यांनी महादेवाच्या मंदिरात बेल-भंडारा मांडला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवासमोर बोलायचं, की आमच्या घरातलं एकही मत तिला जाणार नाही. घरटी एक माणूस. एकानं उचलला की सगळं घर बांधलं गेलं, आणि मोडलं तर लेकरांवर येतं, अशी आमच्याकडची रीत. वार्डात मुसलमानांची दोन घरं, बौद्धांची सहा. त्यांना लेकरांच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. मी गेलो नाही. मला वाटलं, मी नाही गेलो तर आपलं घर मोकळं. माझा मुलगा जाऊन उचलून आला.

"बाबा, मले दोन लेकरं हायेत," तो म्हणाला.

"मले बी एक हाये. त्याले मले विचाराले तोंड नोतं काय?"

बायको आतून म्हणाली, "आता मतदानाले गुमान घरी पडून राहा. ताप आला म्हणा. करोनाच हाये, कोनी पाहाले बी येनार नाई."

मतदानाला मी नऊ वाजता गेलो, तोंडाला रुमाल बांधून. आत त्यांचा माणूस यादी घेऊन बसला होता. त्यानं माझ्या नावावर खूण केली. पडद्यामागे मी थोडा वेळ उभा राहिलो. नातवंडांची तोंडं डोळ्यापुढे आली. मग तिच्या नावापुढचं बटन दाबलं. मशीन वाजली. बाहेर आलो तेव्हा काही वाटलं नाही. काहीतरी वाटेल असं घरून निघताना वाटलं होतं.

तीन दिवसांनी मोजणी. दुपारी गावात फोन आला. तिला एक मत.

गुलाल उधळून मिरवणूक गेल्यावर मी तिच्याकडे गेलो. लोकांचे शिवून ठेवलेले ब्लाउज ती दारात झटकत होती. वर गुलाल बसला होता.

"आबा, ते मत तुमचं," ती म्हणाली. "मी नाई देलं."

"सोताले बी नाई?"

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता ना मी. सगळ्यात पयले मलेच बोलावलं."

ती झटकत राहिली.

"आता साऱ्यायले समजलं," ती म्हणाली.

"हाव."

घरी आलो तर मुलगा-सून लेकरं घेऊन सुनेच्या माहेरी निघून गेले होते. दिवेलागणीला मळणीयंत्रवाल्याचा फोन आला. तूर काढायला तो दुसऱ्या दिवशी येणार होता.

"आबा, मशीन बिघडली."

"कधी?"

"आताच."

"कधी सुधरन?"

"तुमच्या वावरात याले नाई जमनार, आबा. समजून घ्या."

मजुरीला सांगितलेल्या दोघी बायांनीही निरोप धाडला. बायकोनं भाकर वाढली आणि तोंड फिरवून बसली. मी दोन खाल्ल्या.

त्या रात्री वावरात झोपायला गेलो नाही, घरीच पडलो. सकाळी उठलो. ताडपत्री आणि एक बाभळीचं दांडकं घेऊन वावरात गेलो. सुडी जागेवर होती, कोणी हात लावला नव्हता. चार पेंढ्या ओढून ताडपत्रीवर टाकल्या आणि बडवायला बसलो.