भगीरथचं पिवळं देऊळ

आमच्या गावचं महादेवाचं देऊळ किती जुनं, ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं म्हातारी माणसं सांगायची. शिकलेले म्हणतात, हजारेक वर्षं झाली असतील. मी त्या वादात पडत नाही. पण शहापूरकडून मुरबाडला जाताना रानात वळणाऱ्या आमच्या रस्त्यावर हल्ली लोक गाड्या घेऊन येतात ते त्या देवळाचा काळा कोरीव दगड बघायला, आणि तो त्यांना दिसतो तो भगीरथमुळं. इतकी वर्षं दिसत नव्हता, तोही भगीरथमुळंच.

भगीरथ रंगारी. वाशिंदला नव्या इमारती उठायला लागल्या तेव्हा ब्रश धरायला शिकला. हाताचा चोख, तोंडाचा अबोल. बायको भांडली तर दुसऱ्या दिवशी उत्तर देतो. तोवर ती बिचारी भांडण विसरून गेलेली असते. त्यांना एकच मुलगी, प्रेमा. ती लहान असताना भाताचे भारे रचलेल्या उडवीपाशी खेळता खेळता तिला घोणस चावली. शहापूरच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुढं ठाण्याला. हा अबोल माणूस त्या दिवशी महादेवाशी बोलला: पोर घरी येऊ दे, तुझं देऊळ रंगवून काढतो.

पोर घरी आली. भगीरथनं परांची बांधली आणि एकट्यानं पायापासून शिखरापर्यंत ऑइल पेंट चढवला. रंग कुठले, तर वाशिंदच्या फ्लॅटांच्या बेडरूममधून उरलेले. मालकांनी खुशीनं दिले होते. भिंती लिंबूपिवळ्या, खांब पिस्ता, दारावरचा गणपती थेट गुलाबी.

मी म्हणालो, "भगीरथ, आता महादेवाला एसी तेवढा बसव."

तो हसला नाही. पण खोटं कशाला बोलू, गावाला देऊळ आवडलं. कसं लग्नाच्या हॉलसारखं दिसतंय, हे कौतुक तर आमच्याच घरातून निघालं. पुढं दर दोन-तीन वर्षांनी, रंग जरा उतरला की भगीरथ नवा हात मारायचा. कुणी सांगायला लागायचं नाही.

गेल्या थंडीत वाशिंदचा संघरत्ना आला. जुन्या दगडकामाची निगा राखायचं शिक्षण घेतलेला, बोलायला गोड. तो म्हणाला, या रंगानं दगडात ओल कोंडून राहते, आतून भुगा व्हायला लागलाय. मागच्या भिंतीवर त्यानं वीतभर जागा साफ करून दाखवली. पिवळ्याखालून एक नाचणारी बाई निघाली, कमरेवर हात ठेवून. आमचा लखमा गुरव इतकी वर्षं तिच्यावर ओलं धोतर वाळत घालत होता, हे तेव्हा कळलं. लखमाच्या बायकोनं त्याच्याकडं असं बघितलं, की जणू त्याला सगळं माहीत होतं.

गाव रंग काढायला तयार झालं. भगीरथ मात्र आपल्या घराच्या दारात बसून राहिला. समजावायला मी गेलो.

"अरे, बेडरूमचा रंग तो. एवढं काय मनाला लावून घेतोस?"

"आप्पा," तो म्हणाला, "देवानं पोर ठेवली, मी रंग दिला. आता रंग परत घ्यायचा, न् मंग त्यानं..."

मला थट्टा सुचली नाही. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

शेवटी ठरलं, देवालाच विचारू. म्हणजे कौल. पिंडीच्या दोन बाजूंना ओला तांदूळ चिकटवायचा. उजवीकडचा आधी पडला तर रंग काढायचा, डावीकडचा पडला तर राहू द्यायचा. सगळं गाव सभामंडपात दाटीवाटीनं बसलं. प्रेमा आता मुरबाडला शिवणकाम करते, दोन लेकरांची आई आहे. तीही सकाळच्या एसटीनं आली. लखमानं गाऱ्हाणं घातलं, तांदूळ लावले. आणि तांदूळ पडेचनात. गाभाऱ्यात गारठा, भिंतींना ओल. दाणे आपले जागच्या जागी. म्हशी धारेला रेकायला लागल्या तरी कौल नाही.

"देव विचार करतोय," लखमा म्हणाला.

"कोणाचा?" प्रेमानं विचारलं.

"तुझाच गो. दुसऱ्या कोणाचा?"

"मंग मी हितंच बसलेय ना. मला विचारा." ती बापाकडं वळली. "बाबा, तू नवस बोललास, तो फेडलास. फेडलेल्या नवसासाठी देव पुन्हा दार वाजवत नाय."

"देवाचं तुला काय म्हायत?"

"घोणस मला चावलेली. तुला नाय."

सभामंडप हसला. भगीरथ सोडून. प्रेमानं संघरत्नाच्या सामानातली लाकडी पट्टी उचलली आणि तरातरा भिंतीकडं निघाली. तेव्हा मी भगीरथला आयुष्यात पहिल्यांदा पळताना पाहिलं. त्यानं तिच्या हातातून पट्टी काढून घेतली.

"तू हात लावू नको. मी चढवलाय, मीच उतरवीन. काय व्हायचं ते माझं होऊ दे."

लखमा शपथेवर सांगतो, त्याच वेळी उजवा दाणा पडला. पडलाही असेल. गाभाऱ्याकडं तेव्हा बघत कोण होतं?

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. संघरत्नानं दाखवलं तसं: आधी लेप थापायचा, रंग मऊ होऊ द्यायचा, मग पट्टीनं अलगद सोडवायचा, लोखंड लावायचं नाही. भगीरथ उजाडल्यापासून भिंतीला चिकटला. पाणीसुद्धा घेतलं नाही. प्रेमा पहाटेच मुरबाडला परतली होती आणि हा दर थोड्या वेळानं फोनकडं बघत होता. हत्तींची एक अख्खी रांग उघडी पडली, सोंडेत शेपूट धरून चाललेली. आम्ही सगळे तोंड उघडून बघत होतो, आणि ज्यानं ती काढली त्याचं लक्षच नाही.

दिवस कलताना फोन वाजला. त्याचे हात लेपानं भरलेले, म्हणून मीच तो त्याच्या कानाला धरला. प्रेमाचा आवाज असा खणखणीत, की मला चोरून ऐकायचे कष्ट पडले नाहीत.

"बाबा, मी धडधाकट हाय. दोन ब्लाउज शिवले, पोराला एक धपाटा घातला. तू जेवलास का?"

"जेवतो," तो म्हणाला.

मग तो पायरीवर बसला आणि माझ्या डब्यातली नाचणीची भाकरी, ठेच्यासकट, सगळी खाऊन टाकली. मी माझ्यासाठी आणलेली, पण असू दे. हात पुसून तो हत्तींकडं वळला. आता कुठं त्याला ते दिसले.

"आप्पा, हे ज्यांनी कोरलं त्यांचापण कायतरी नवस असंल."

"असंल की."

त्यानं दोन्ही हात जोडले. महादेवाला, की त्या पाथरवटांना, ते मी विचारलं नाही. मीही जोडले.