झेल्माचं बावीसचं रिव्हॉल्व्हर

व्हर्लिन स्ट्राउड यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आमच्या खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी लहानपणी "खाली बस आधी, मग रड" म्हणून दटावलेलं आहे. निवृत्त झाल्यावर ते दर गुरुवारी सकाळी जुन्या दगडखाणीतल्या नेमबाजी क्लबवर जाऊन बसत. माझी त्यांची ओळख तिथली.

मी घरोघरी जाणारी नर्स. त्या वर्षी लॉरेल क्रीकच्या वळणावर एकाने माझ्या गाडीसमोर ट्रक आडवा घातला, काच फोडली आणि नशेला चालतात त्या दुखण्यावरच्या गोळ्यांसाठी माझी बॅग हिसकावून नेली. मला हात लावला नाही, पण त्यानंतर त्या वळणावर आलं की मी गाडीच्या दारांची कुलपं पुन्हा पुन्हा तपासायचे. म्हणून मी पर्समध्ये मावेल असं अडतीस कॅलिबरचं आखूड रिव्हॉल्व्हर घेतलं आणि ते जवळ बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला. लेखी परीक्षा पास झाले. गोळ्या झाडायच्या परीक्षेत मात्र वीसपैकी चार लागल्या.

"पोरी," पहिल्याच गुरुवारी ते मागे येऊन म्हणाले, "डोळे उघडे ठेवलेस तर कागद दिसतो, असं लोक सांगतात."

"मी डोळे मिटते?"

"कुलूपच लावतेस."

मला रडू आलं. एवढंसं हत्यार, पण प्रत्येक गोळीला मनगटावर हातोडा बसल्यासारखं व्हायचं. त्यांनी माझं रिव्हॉल्व्हर रिकामं करून बाजूला ठेवलं आणि आपल्या पिशवीतून दुसरं काढलं. दिसायला जुळं भावंड. तीच मूठ, तेवढाच जड चाप. फक्त याला बावीसची बारकी काडतुसं लागत, चक्रात पाचाऐवजी आठ घरं होती, आणि आवाज यायचा तो सुकी फांदी मोडल्याएवढा.

"हे कुणाला थांबवायला नाही," ते म्हणाले. "हे तुझ्या हाताला शिकवायला. हात शहाणा झाला की मग तुझं ते मोठं."

महिनाभर मी तेच चालवलं. पर्समधून काढायचं, कोटाच्या खिशातून काढायचं, पुन्हा आत ठेवायचं. बोट कायम चापाच्या बाहेर, सरळ. "बोट आत गेलं म्हणजे तुझा निर्णय झाला," हे ते इतक्यांदा म्हणत, की मी भाजी चिरतानासुद्धा बोट सरळ धरायला लागले. मग त्यांनी नवा खेळ काढला. माझ्याकडे पाठ करून ते चक्रात काही जिवंत काडतुसं आणि काही रिकाम्या पुंगळ्या भरायचे, चक्र गरकन फिरवायचे आणि हातात द्यायचे. कुठल्या घरात काय आहे ते मलाही ठाऊक नाही, त्यांनाही नाही. रिकाम्या पुंगळीवर घोडा नुसता टक्‌ करायचा आणि माझा हात मात्र आपोआप खाली झुकायचा.

"बघ. धक्का नाही, आवाज नाही, तरी दचकलीस. तू बंदुकीला भीत नाहीस. पुढे काय होणार, त्याला भितेस."

एकदा मी विचारलं, हे जुळं मिळालं कुठे?

"झेलचं आहे," ते म्हणाले. झेल म्हणजे झेल्मा, त्यांची बायको; खोऱ्यात सगळे त्यांना आदराने मिस झेल्मा म्हणत. "लग्नानंतर मी तिच्या हातात माझं मोठं धूड दिलं होतं. ती मागच्या मागे चिखलात बसली. आणि मी हसलो, पोरी. माझा भाऊ होता, तोही हसला. तीन वर्षं तिने बंदुकीकडे पाहिलं नाही. मग मी हे आणलं, माफी मागितली. पुढे चर्च सुटलं की आम्ही दोघं इथेच यायचो. माझ्यापेक्षा तिचा नेम चांगला झाला. ते मात्र तिने कधी विसरू दिलं नाही."

आता मिस झेल्मा बाकी सगळंच विसरत चालल्या होत्या. गुरुवारी तेवढी शेजारीण त्यांच्यापाशी बसायची.

जून महिन्यातला तो गुरुवार. माझ्या हातात बावीसचं, चक्र नुकतंच भरून फिरवलेलं. दोन बार झाले, एकदा टक्‌ झालं, आणि क्लबच्या खोलीतला फोन वाजला. शेजारणीचा. तिचा जरा डोळा लागला तेवढ्यात झेल्मा घराबाहेर पडल्या, रस्त्याच्या मधोमध उभ्या आहेत आणि आत यायला तयार नाहीत. व्हर्लिन यांनी माझ्या हातातलं रिव्हॉल्व्हर घेतलं, पिशवीत टाकलं आणि धावले. ते रिकामं करायला हवं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. जन्मात पहिल्यांदा ते चुकले, आणि माझ्यासमोर चुकले.

मला आठवलं तेव्हा मी माझं सामान आवरत होते. सामान तिथेच टाकलं. गाडी काढली.

मी पोचले तेव्हा व्हर्लिन घराच्या ओसरीवर, पायरीवर बसले होते. चेहरा राखेसारखा.

"इथून आत जाऊ नकोस," ते हळूच म्हणाले. "आणि मला नावाने हाक मारू नकोस. मी ओळखीचा नाही."

झालं होतं ते असं. झेल्मांना घरात आणून, शेजारणीला घरी पाठवून त्यांनी पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि बायकोसाठी स्वच्छ मोजे आणायला आतल्या खोलीत गेले. परत आले तर दारात झेल्मा, दोन्ही हातांत बावीसचं, नळी त्यांच्या छातीवर.

"कोण तुम्ही? माझ्या घरात काय करताय?" पन्नास वर्षांत झेल्मांनी नवऱ्याला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"मी पाहिलं," व्हर्लिन नंतर मला म्हणाले, "तिचं बोट कुठे आहे ते. सरळ होतं, चापाच्या बाहेर. मी शिकवलं तसंच. मग मी म्हटलं, आपल्याला वेळ आहे."

त्यांनी हात वर केले. मोजे हातातच होते. "माफ करा, बाई. मी शाळेच्या बसचा ड्रायव्हर. चुकून भलत्याच घरात शिरलो. मी निघतो."

"माझा नवरा येईल आता. त्याला हे आवडायचं नाही."

"नाहीच आवडणार. मलाही आवडलं नसतं. तो येईपर्यंत मी बाहेर पायरीवर बसू का? ऊन फार आहे."

झेल्मांनी विचार केला. मग नळी जमिनीकडे झाली.

"बसा. पण पायपुसण्याच्या आत यायचं नाही."

मी मागच्या दाराने गेले. मधल्या काळात मी त्यांचा रक्तदाब बघायला येऊ लागले होते, त्यामुळे झेल्मा मला 'नर्सबाई' म्हणून ओळखत. रिव्हॉल्व्हर टेबलावर होतं आणि त्या बर्फ घातलेला गार चहा पेल्यात ओतत होत्या. "बाहेर एक म्हातारे बसलेत," त्या म्हणाल्या. "घामेजलेत बिचारे." त्या चहा घेऊन गेल्या तेव्हा मी चक्र उघडलं. पुढच्या बाराला येणाऱ्या घरात जिवंत काडतूस होतं. ते मी व्हर्लिन यांना आजवर सांगितलेलं नाही.

त्याच दुपारी घरातली सगळी हत्यारं क्लबच्या लोखंडी कपाटात गेली. बसवर नसताना चाळीस वर्षं त्यांच्या कमरेला असायचं तेसुद्धा. "दात काढल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "जीभ सारखी तिथेच जाते." पुढच्या गुरुवारी ते क्लबवर आले, तेव्हा मी त्यांच्याआधी पोचून कपाटातून बावीसचं काढून ठेवलं होतं. ते बराच वेळ त्याला हात लावेनात. "मिस्टर व्हर्लिन," मी म्हटलं, "गेल्या गुरुवारच्या माझ्या पाच गोळ्या राहिल्यात." तेव्हा कुठे त्यांनी काडतुसांचा डबा उघडला. ऑगस्टमध्ये मी अडतीसने परीक्षा दिली. वीसपैकी सतरा. परवाना मिळाला. लॉरेल क्रीकच्या वळणावर मी अजून दारांची कुलपं तपासते, पण मी त्या खोऱ्यातल्या आजाऱ्यांकडे जाणं सोडलं नाही.

झेल्मा त्यानंतर दोन हिवाळे जगल्या. घरात वावरणारा म्हातारा त्यांना नकोसा वाटे, पण ओसरीवरचा पाहुणा आवडे. म्हणून रोज दुपारी व्हर्लिन मागच्या दाराने बाहेर पडत, घराला वळसा घालून पुढचं दार ठोठावत आणि टोपी हातात घेऊन उभे राहत. मग दोघं पायरीवर बसून चहा पीत. कधी त्या मक्याची भाकरी आणून देत, कधी नुसत्याच डोंगराकडे बघत बसत.

एकदा मी झेल्मांच्या पायाला मलम लावत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"नर्सबाई, ते बसवाले गृहस्थ... त्यांना बायको असेल ना हो?"

"विचारून बघू का?"

"नको हो!" त्या घाबरल्या. "आहे म्हणाले तर?"

मी स्वयंपाकघरात जाऊन व्हर्लिन यांना सांगितलं.  ते भांडी विसळत होते, ती त्यांनी तशीच ठेवली. नळाखाली हात ओले करून त्यांनी केस नीट बसवले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मागच्या दाराने बाहेर पडले.