साहेबांना दिलेलं जाड पुस्तक

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे आणि आमच्या घराण्याला आजवरचा सगळ्यात मोठा धोका माझ्यापासूनच झालेला आहे.

माझ्या आधीच्या पिढ्यांनी ऊस लावला, फौजेत नोकऱ्या केल्या, बांधावरून भाऊबंदांची डोकी फोडली. पण त्यातलं कुणी काही लिहून ठेवलं नाही. मी लिहून ठेवलं. तेही पुस्तकाच्या समासात, ठळक अक्षरांत!

पुस्तक होतं ‘सत्तेचं असत्य: उगम आणि विस्तार’. सहाशे पानं. राजकारणातलं खोटं जन्माला कसं येतं, इतिहासाचा कोट अंगात घालून गावभर कसं फिरतं आणि लोक त्याला वाकून रामराम कसा घालतात, याचा विद्वान अभ्यास. सांगलीच्या पुस्तक प्रदर्शनात घेतलं आणि तीन वेळा वाचून काढलं. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. म्हणजे दर वर्षी नव्यानं मुलाखत, आणि मुलाखत घेणार संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्षांना सगळा तालुका ‘साहेब’ म्हणतो. ते मान हलवतील तशी माझी वर्षभराची भाकरी.

पुस्तकाचे लेखक मोठे, पण उदाहरणं सगळी परदेशातली. आमच्या पोरांना ती कळायची कशी? म्हणून प्रत्येक मुद्द्यासमोर मी पेन्सिलीनं आपल्याकडचं उदाहरण लिहीत गेलो. पान चाळीस, ‘जुन्या लढ्यात स्वतःला घुसडणे’. समोर मी: ‘उदा. साहेब. पाण्याच्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या म्हणतात. तेव्हा वय वर्षे चार.’ पान एकशे बारा, ‘न झालेले काम पुन्हा पुन्हा साजरे करणे’. समोर: ‘उदा. साहेब. स्मशानाकडचा रस्ता. नारळ तीन, खडी शून्य.’ आणि पहिल्या पानावर शाईनं माझं पूर्ण नाव, पुढं एम.ए., गाव, तालुका, जिल्हा. (घरातला पहिला एम.ए. किराणाच्या यादीवरसुद्धा पदवी लिहितो!)

तर त्या रविवारी सकाळी गावात व्यायामशाळेचं उद्घाटन होतं. पाहुणे साहेब. सत्कार करणार माजी सैनिकांचे अध्यक्ष, म्हणजे माझे वडील, नाना. आणि माझी मुलाखत आठ दिवसांनी, सोमवारी. हल्ली आमच्याकडं हार-शाल बंद झालीय. सत्काराला पुस्तक द्यायचं, अशी नवी रीत आहे. मी तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसलो होतो. नाना चकचकीत कागदात गुंडाळलेला एक ठोकळा घेऊन स्टेजवर चढले.

“आई, पुस्तक कुठनं आणलं?” मी सहज विचारलं.

“आणायचं कशाला? तुज्या फळीवर ढीगभर पडल्यात की! नानांनी दोन्ही हातांत धरून वजन बघितलं आन सगळ्यात जड हुतं ते घेतलं. एवढ्या मोठ्या माणसाला काय पातळ पुस्तक द्यायचं व्हय?”

“कुठल्या रंगाचं?”

“निळं. लय देखणं हाय. आत पेन्सिलीनं कुणीतरी गिरबटलं हुतं. म्या म्हणलं, खोडून देऊ का? तर नाना म्हणलं, ऱ्हाऊ दे, आपला पोरगा वाचतोय हे सायबांस्नी कळंल तरी!”

कळणार होतंच. पानापानाला कळणार होतं!

मी खुर्च्यांवरून उड्या टाकत स्टेजच्या पायऱ्या गाठल्या. माइकवर माझा चुलतभाऊ पिंट्या होता. मी त्याच्या कानात ओरडलो, “पिंट्या, ते पुस्तक थांबव!”

“तुला बोलायचंय व्हय? मग असं सांग की गड्या!” पिंट्या म्हणाला आणि माइककडं वळला. “तर मंडळी, हे पुस्तक ज्यांनी स्वतः साहेबांसाठी निवडलंय, ते आमचे प्राध्यापक बंधू आता त्यावर दोन शब्द बोलतील!”

टाळ्या! तेवढ्यात साहेबांनी कागद फाडला आणि पुस्तकाचं नाव मोठ्यानं वाचलं, “सत्तेचं असत्य.”

साहेब माझ्याकडं बघू लागले. मी माइक हातात घेतला.

“साहेब, हे पुस्तक खोटं बोलणाऱ्या पुढाऱ्यांवर आहे. म्हणजे दुसऱ्या पुढाऱ्यांवर. बहुतेक सगळे परदेशातलेच.”

“मग मला का दिलं?”

“ओळखता यावेत म्हणून साहेब! विरोधक!”

मांडवात अशा टाळ्या पडल्या की पत्रे थरथरले. साहेब खूश झाले. “वा! गाडीत ठेवा रं हे. वाचतो मी,” ते म्हणाले. पुढाऱ्यानं दिलेला शब्द पाळू नये, अशी प्रार्थना मी आयुष्यात पहिल्यांदा केली.

घरी आल्यावर नानांना सगळं सांगावं लागलं.

“नाना, त्या पुस्तकात साहेबांबद्दल लिहिलंय.”

“मग चांगलंच की!”

“वाईट लिहिलंय.”

“कुणी?”

“मी.”

नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. (टोपी ते फक्त मयतीला काढतात.) “अरं, आमी फौजेत बायकूला धाडायच्या पत्रात बी ठिकाण लिवत नव्हतो. आन तू दुश्मनाच्या हातात नाव, गाव, तालुका लिवून दिलास? एवढं शिकून?”

“दिलं तुम्ही!”

“लिवलं कुणी?”

मी साहेबांच्या पीएला फोन लावला. म्हटलं, त्या प्रतीत काही पानं सदोष आहेत, बदलून नवी देतो. पीए म्हणाला, “आता कुठं बदलताय सर? साहेबांनी चष्मा मागवलाय.” बुधवारी पुन्हा फोन केला. “लाल पेन मागवलाय.” शुक्रवारी तर तो कुजबुजतच होता, “साहेब कुणाला भेटंनात. दार लावून बसल्यात. मधनंच आतनं ‘आयला!’ असा आवाज येतोय.”

मी जेवण सोडलं. आईनं मात्र पुस्तकांची फळीच सोडली, ती तिकडं झाडायलाही जाईना. आणि पिंट्या भेटेल त्याला सांगत होता, साहेब आमच्या घरातलं पुस्तक वाचत्यात म्हणून!

सोमवारी नाना छातीवर पदकं लावून माझ्याबरोबर निघाले. कोर्टमार्शलला निघालेल्या जवानासोबत जावं, तसे एसटीत ताठ बसून होते. कॉलेजात माझं नाव पुकारलं गेलं. आत गेलो तर टेबलावर निळं पुस्तक. साहेबांनी मुलाखत घ्यायला बसलेल्या बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि दार लावायला सांगितलं.

“एकवीस ठिकाणी माझं नाव हाय,” साहेब म्हणाले.

“पेन्सिलीनं आहे साहेब. खोडता येतं.” माझा आवाज शेळीसारखा निघाला.

“कशाला खोडायचं? वीस ठिकाणी बरोबर हाय की!” साहेबांनी चष्मा पुसला. “पण पान तीनशे सातवर तुमी माजी लय निराशा केली सर.”

पुस्तक त्यांनी माझ्यापुढं सरकवलं. माझंच अक्षर: ‘अपवाद. साहेबांचे आजोबा शाळेच्या मंजुरीसाठी अनवाणी साताऱ्याला चालत गेले. हे मात्र शंभर टक्के खरे.’ खाली लाल पेनानं मोठ्ठी फुली.

“अवो, आमच्या आजोबांस्नी घरामागच्या परड्यापातुर चालायचा कंटाळा! साताऱ्याला कवा जात्यात? ते आमी पहिल्या निवडणुकीला रचलं. ह्याच खोलीत, च्या पीत.”

“पण साहेब, मी त्यावर एम.ए.ला प्रबंध लिहिलाय!”

“माहीत हाय की. दुसऱ्या निवडणुकीला आमी त्याचाच तर पुरावा दिला!”

आणि साहेब हसू लागले. टेबलावर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग दार उघडून त्यांनी बाहेरच्या क्लार्कला हुकूम सोडला, “ह्यांचं पत्र टाइप करा. असा माणूस सोडायचा न्हाई. हुशार हाय, आन पायजे तिथं विश्वास बी ठेवतोय!”

बाहेर नाना पदकं सावरत उभे होते. “काय झालं रं?”

“निवड झाली,” मी म्हणालो. “निव्वळ गुणवत्तेवर!”

नानांचा लगेच विश्वास बसला. त्यांचं एक चालून जातं, ते सातवी शिकलेत. मी एम.ए. आहे!