व्हर्डीबाईंची सहा इंची पट्टी

अमेरिकेतल्या टिर्झा कॉलेजात दर शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ एकच कायदा चालायचा, आणि तो देखरेखीला असलेल्या व्हर्डी हॉलकोमच्या खिशात असायचा. सहा इंची लाकडी पट्टी! मुलामुलींना भेटायचं असेल तर आधी चिठ्ठी द्यायची. मंजूर झाली तर बैठकीच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसायचं, आणि दोघांच्या मध्ये ही पट्टी आडवी मावली पाहिजे. नाही मावली की व्हर्डीबाई एकदा खाकरायच्या. दुसऱ्यांदा खाकरल्या की मुलाची रवानगी थेट वसतिगृहात. बावीस वर्षांत तिसऱ्यांदा खाकरायची वेळ कुणी आणली नव्हती.

बाई अंगानं भरलेल्या, स्वभावानं कडक, पण एक खोड जन्माची. खोटं बोलायला किंवा ऐकायला लागलं की त्यांना हसू फुटायचं. साधंसुधं नाही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी पाद्रीबुवा म्हणाले, "हा माणूस आयुष्यात दारूच्या वाटेला गेला नाही," आणि झालं! बाई पहिल्या बाकावर बसून अशा हसल्या, की अर्ध्या दक्षिण कॅरोलायनाला कळलं असेल. त्यानंतर पोटापाण्याचं बघायला कुणी नव्हतं. कॉलेजनं ही नोकरी दिली आणि हॉलमागची एक खोली. तेच त्यांचं घर.

तीन वर्षांपूर्वी, एकाहत्तर साली, सरकारचं पत्र आलं म्हणून टिर्झानं काळ्या मुलांना नाक मुरडत प्रवेश दिला. वर्गात बसा म्हणे, प्रार्थनेला बसा, पण सोफ्यावर नाही. एक नाव काळं नि एक गोरं असलेली चिठ्ठी आली की नामंजूर. नोंदवहीत कारण लिहायचा रकाना होता. दुसऱ्या कुणी 'जागा नाही' लिहून मोकळं झालं असतं. पण तसं लिहायला घेतलं की बाईंना हसू यायचं आणि शाई सांडायची. मग त्या जे होतं तेच लिहायच्या: 'मुलगा काळा, मुलगी गोरी.'

रॉस्को गॅड्सडेन आणि जनेल टिडवेल यांच्या नावापुढे असं सतरा वेळा लिहिलं होतं. रॉस्को बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, जनेल पियानो. पहिल्या चिठ्ठीला बाईंना काही वाटलं नाही, नियम तो नियम. पाचवीला मुलांचा राग आला, काय हट्टी कार्टी आहेत! सतराव्या चिठ्ठीला मात्र स्वतःचीच लाज वाटली, आणि ती लाज काही केल्या जाईना.

रॉस्को हा कॉलेजची स्वयंपाकीण ओला मे हिचा भाचा. बाई रोज दुपारी तिच्याकडे थंड गोड चहा प्यायला जायच्या. सध्या गावभर एकच विषय होता. टिर्झा भेदभाव करतं म्हणून त्याची करमाफी काढून घ्यायचा विचार सरकार करत होतं, आणि शनिवारी कर खात्याचा साहेब बघायला येणार होता.

"न्हावी म्हणतो, देवाच्या कॉलेजात सरकारनं नाक खुपसू नये," बाई म्हणाल्या.

"न्हाव्याला म्हणावं, डोकी भादर," ओला मे कोंबडी पिठात घोळवत म्हणाली. "टिर्झाला कर माफ. का, तर म्हणे लोकांचं भलं करतं. मग त्यांच्या वाटचे रस्ते, दिवे, पोलीस कुणाच्या जिवावर? माझ्या! मी भरते ना कर. म्हणजे सोफा मी घेऊन द्यायचा, आणि माझ्याच भाच्यानं उभं राहायचं?"

"अगं, पण माफी गेली तर कॉलेज बसेल खाली. माझी खोली जाईल. तुझी चूलसुद्धा."

"चूल कुठंही पेटते, मिस व्हर्डी. पुडिंग घ्या." गोऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, काळ्यांनी 'मिस' म्हणायची तिकडे रीत.

बाईंनी पुडिंग घेतलं, आणि चमच्यानं नुसतं चिवडत बसल्या.

शुक्रवारी कॉलेजचे अध्यक्ष डॉक्टर रड यांनी त्यांना बोलावलं. स्वारी खुशीत होती. "व्हर्डी, उद्या साहेबापुढे चार जोड्या बसव. एक काळा, एक गोरा, असं. तासाभराचा तर प्रश्न. आणि एकमेकांचं तोंडही बघवत नाही अशीच मुलं निवड, उगाच नंतर ताप नको. ती वही मात्र कुठं तरी दडव. ती सापडली तर आपण सगळे रस्त्यावर. तुझी खोली पहिली."

"कोण कुणाला आवडत नाही ते मला बरोब्बर माहीत आहे, साहेब," बाई म्हणाल्या, आणि रुमाल तोंडात कोंबून बाहेर पळाल्या.

शनिवारी सात वाजता हॉल नुसता चकाचक. पहिल्या सोफ्यावर रॉस्को आणि जनेल! तीन वर्षं चोरून बघितलेल्या माणसाजवळ उघड बसायचं म्हणजे काय असतं! जनेलचे कान टोमॅटोसारखे लाल, आणि रॉस्को आपले हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे मांडीवर ठेवून बसलेला. मग ती काही तरी पुटपुटली, तो फिसकन हसला, ती हसली, आणि हसू हां हां म्हणता चारही सोफ्यांवर पसरलं. नाटकासाठी पकडून आणलेली बाकीची सहा मुलंही गप्पांत अशी रंगली, की टाळ्या काय देतात, पाय काय आपटतात! बाई पट्टी घेऊन फिरत होत्या आणि पट्टी सगळीकडे मावत होती. जेमतेम, पण मावत होती.

वही त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीच्या गादीखाली ठेवली होती. साहेब आत येताना दिसला तशा त्या जाऊन तिच्यावर फतकल मारून बसल्या.

क्वार्ल्स नावाचा तो साहेब म्हणजे चष्मेवाला, लाजाळू माणूस. डॉक्टर रड त्याला म्हणाले, "बघा, आमच्याकडे हे असंच असतं. नेहमीच."

बाईंच्या पोटातून पहिली उबळ आली. त्यांनी ओठ दाबले.

साहेबानं रॉस्कोला विचारलं, "दर शनिवारी बसता का इथं?"

"नाही साहेब, आज पहिल्यांदाच," रॉस्को म्हणाला. "चिठ्ठ्या मात्र सतरा दिल्या."

"चिठ्ठ्या? त्यांची नोंद असेल ना कुठं?"

"छे! असली काही वहीच नाही इथं," डॉक्टर रड घाईघाईनं म्हणाले. "हो ना गं व्हर्डी?"

आता झाली पंचाईत! सगळा हॉल बाईंकडे बघायला लागला. बुडाखाली वही, डोक्यावर छप्पर, आणि दोन्हींच्या मध्ये बिचाऱ्या व्हर्डीबाई. "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि जे हसू फुटलं! खुर्ची करकरायला लागली. मुलं हसायला लागली. साहेबाचा चष्मासुद्धा हलायला लागला. एवढ्यावर निभावलंही असतं, म्हातारीला उबळ आली म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. डॉक्टर रड तसं म्हणूही लागले होते. पण हसता हसता बाईंची नजर पहिल्या सोफ्यावर गेली. जनेल हसत नव्हती. ती एकटक त्यांच्याकडे बघत होती.

बाईंनी डोळे पुसले आणि उठून उभ्या राहिल्या.

"घ्या साहेब," त्यांनी गादी उचलली. "जरा चेपली आहे, पण वाचता येईल. अक्षर माझंच आहे. इतरांसाठी नियम सहा इंचांचा. या दोघांसाठी मात्र अख्ख्या हॉलच्या अंतराचा."

साहेब वही उघडून उभ्या उभ्या वाचत राहिला. नऊची घंटा बाईंनीच वाजवायची असायची. त्या दिवशी त्यांनी ती साडेनऊला वाजवली.

सोमवारी त्यांना खोली सोडायला लागली. ओला मे भावाची गाडी घेऊन दारात हजर. "चला मिस व्हर्डी, मागची खोली रिकामी आहे. पण भांडी घासावी लागतील."

"नुसतं व्हर्डी म्हण गं आता."

"बरं. व्हर्डी, ती पेटी उचल."

अकरा महिन्यांनी टिर्झाची करमाफी गेली. न्हावी अजून सरकारला शिव्या घालतो. कॉलेज काही बुडलं नाही, कर भरतं आणि कुरकुरतं. मुलांना त्या शनिवारनंतर हात लावायची कुणाची छाती झाली नाही, दोघंही पदवी घेऊन बाहेर पडली.

पुढच्या जूनमध्ये ओला मेच्या चर्चमध्ये लग्न झालं. पाद्रीबुवांनी दोघांना जवळ उभं केलं, आणि नवरी एकदम मागं वळून म्हणाली, "थांबा! मिस व्हर्डींनी मोजल्याशिवाय नाही."

व्हर्डीबाई पुढे आल्या, पर्समधून पट्टी काढली, चष्मा नाकावर सारला आणि चेहरा अगदी शनिवारसारखा करून दोघांच्या मध्ये पट्टी घालून बघितली. आडवी जाईना. उभी जाईना. चपटी धरून कडेनं सरकवली, तरी शिरेना.

बाई एकदा खाकरल्या.

चर्च हसून हसून कोसळलं. दोघं मात्र जागची हलली नाहीत. बाईंनी पट्टी पर्समध्ये टाकली, पर्स बंद केली, आणि दुसऱ्यांदा काही खाकरल्या नाहीत.