नव्या कार्डातली तांबडी धूळ

माझी नणंद सेल्सा तापट आहे, असं गावात सगळे म्हणतात. म्हणू देत. त्या वेळी ती चिडली, ते माझ्या मते कमीच चिडली.

सेल्सा लग्नांच्या आणि मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या फिल्मा करते. आमच्या पश्चिमेकडच्या चाकोत लग्न एकवेळ साधं उरकतील, पण मुलीचा पंधरावा थाटातच व्हायला हवा. तिचा जुना कॉम्प्युटर मेला, म्हणून तिने पार पूर्वेच्या सीमेवरच्या सियुदाद देल एस्ते शहरातल्या एवेलिओच्या दुकानातून नवा मागवला. खोका बसनं आला. त्यावरचं पहिलंच काम तेओफिलोच्या मुलीचं, नोएमीचं.

तेओफिलो पूर्वी बस चालवायचा. साखरेनं त्याचे डोळे खाल्ले. "मुलीबरोबर नाचलो, पण तिचं तोंड धूसरच दिसलं," तो सेल्साला म्हणाला. "टीव्हीला नाक लावून तरी बघेन. थोडं दिसतंय तोवर दाखव गं बाई."

आणि तो नवा कॉम्प्युटर! फिल्म अर्ध्यावर आली की पडदा काळा, आतले पंखे बोंबलायला लागायचे. एवेलिओचा फोनवर निरोप यायचा, गोड आवाजात, "बाई, आतलं ग्राफिक्स कार्ड अगदी कोरं आहे. तुमच्याकडची वीजच तसली." वीज आमच्याकडे खरंच धड नसते, त्यामुळे सगळ्यांना पटलं. तिने स्टॅबिलायझर आणला. वायरमनकडून घरातल्या वायरी बदलून घेतल्या. मग तो म्हणाला, ड्रायव्हर काढून परत टाका. टाकला. मग रॅम पुसा, मग केबल बदला. हे सगळं करून पडदा काळा तो काळाच. आणि तेओफिलोची बायको दर रविवारी चर्चबाहेर विचारणार, "झाली का गं?"

शेवटी एवेलिओचा निरोप आला, "घरात कुणी पुरुष माणूस असेल तर त्याला बघायला सांगा."

सेल्साने तेरेरेचा, आमच्या गार पाल्याच्या चहाचा, पेला असा आदळला की गार पाणी माझ्या मांडीवर. "वहिनी, हा मेला समोर असता ना, थोबाड रंगवलं असतं त्याचं!"

तिने ते कार्ड उपसलं आणि माझ्या मुलाच्या खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. तो कधी बंद पडत नाही, आणि वीज तीच. कार्डावर भार टाकताच तोही काळा पडला. मुलाचं जुनं कार्ड तिची फिल्म पेलणारं नव्हतं, पण दुखणं कुठं आहे ते कळलं. मग तिने स्क्रू काढून कार्ड उघडलं. आतल्या पत्र्यांच्या फटीत तांबडी धूळ ठासून भरलेली.

आमची माती राखाडी. तांबडी माती पूर्वेला. तिकडे शेडमध्ये अशी कार्डं ओळीनं लावून इंटरनेटवरचं नाणं कमावतात, रात्रंदिवस, जळेपर्यंत. तिथलं पिळून काढलेलं कार्ड पुसून खोक्यात घातलं होतं चोरानं!

सेल्सा कार्ड टॉवेलात गुंडाळून बसनं एवेलिओच्या दुकानात गेली. मी सोबत होते. गिऱ्हाइकांच्या गर्दीत तिने ते काउंटरवर उघडं ठेवलं.

"धूळ कुठं नसते, बाई?" एवेलिओ म्हणाला.

"असते की! हे माझे बूट बघ." तिने पाय चक्क काउंटरवर ठेवला. "राखाडी. आता तुझे दाखव."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. एवेलिओने गुपचूप आतून नवं, सील न फोडलेलं कार्ड आणलं. वर म्हणतो कसा, "एवढं चिडायचं काय होतं? नीट सांगितलं असतं तर लगेच बदलून दिलं असतं." मीच त्याच्या अंगावर धावून जाणार होते.

नव्या कार्डावर फिल्म एका दमात झाली. आम्ही ती घेऊन तेओफिलोकडे गेलो. दारातच त्याची बायको रडायला लागली. आदल्या आठवड्यात डोळ्यांत आतून रक्तस्राव होऊन त्याची उरलीसुरली नजरही गेली होती.

तरी तो खुर्ची ओढून टीव्हीपुढे बसला. नाचाचं गाणं सुरू झालं. तो पुढे सरकला, आणखी सरकला, नाक काचेला लागलं. मग मागे टेकला.

"हसतेय का गं ती?"

"हसतेय," सेल्सा म्हणाली. एरवी बसच्या कंडक्टरलाही न सोडणारी ही बाई टीव्हीशेजारी उभी राहून त्याला सबंध नाच सांगत राहिली: गाऊनचा रंग, केसातली फुलं, मुलीनं बापाच्या खांद्यावर टेकलेलं डोकं.

"परत लाव," तो म्हणाला. "आता मी कसा दिसतोय ते सांग."

तिने परत लावली. त्या वेळी मला एवेलिओ त्या खोलीत हवा होता, अगदी तेओफिलोच्या शेजारच्या खुर्चीवर.